आमच्याकडं कुणालाच नाही

जिंतूरच्या दाताच्या डॉक्टरनं साधा प्रश्न विचारला होता. "घरात कुणाचे दात कमी वयात पडलेत का?"

मी म्हणालो, "नाही. आमच्याकडं कुणालाच नाही."

हे बोललो तेव्हा माझ्या तोंडात अठ्ठावीस दात होते आणि त्यातला एकही माझा नव्हता.

शेजारच्या खुर्चीत माझी बायको रुद्राणी बसलेली. तिला ठाऊक होतं. समोर आमची एकुलती एक पोरगी ईश्वरी तोंड उघडून पडली होती, सोळा वर्षांची. तिला ठाऊक नव्हतं. डॉक्टरनं कागदावर फुली मारली, तिच्या हिरड्या टोचून बघितल्या, दात साफ करून दिले आणि म्हणाला, ब्रश नीट करत जा. त्याची काही चूक नाही. त्यानं विचारलं, मी फसवलं.

तिला काय झालं होतं ते सांगतो. दहावीची परीक्षा झाली आणि तिच्या खालच्या समोरच्या दातांच्या हिरड्या लाल होऊन फुगायला लागल्या. दाबलं की पू यायचा. दुखणं म्हणावं तर फार नाही. तोंडाला वास. मग समोरच्या दोन दातांत फट पडली. एक दिवस जेवताना भाकरीचा काठ तोडता तोडता थांबली आणि म्हणाली, "आप्पा, माझा दात हलायलाय."

मी कालवणात कुस्करलेल्या भाकरीचा घास तसाच हातात धरून बसलो. मला असंच झालं होतं. तेच दात, तीच फट, तोच वास. पुढं मी ही हकिकत कितीही वळवून सांगितली तरी एक गोष्ट खोडता येणार नाही. मी बघताक्षणी ओळखलं होतं.

माझं सतराव्या वर्षी सुरू झालं. तेविसाव्यापर्यंत समोरचे दात आणि दाढा मिळून नऊ-दहा गेले. चोविसाव्या वर्षी माझी आई चन्नबसम्मा मला नांदेडला घेऊन गेली. परभणी जवळ होती, पण परभणीत ओळखीचं भेटतं. बसस्टँडच्या मागं एक दात बसवणारा होता. पाटीवर डॉक्टर लिहिलेलं, खरा होता का ते देव जाणे. त्यानं माझे उरलेले धड दातही उपटले. म्हणाला, हे पण जाणारच हायत, पूर्ण सेट करून टाका, एकदाची कटकट जाईल. आईनं मान हलवली. तिचे स्वतःचे दात तिशीत गेले होते. गावात सांगायची, बाळंतपणात गेले. बाईचे दात बाळंतपणात गेले म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. बाप्याला ही सोय नाही. चोवीस वर्षांचा गडी बोळका, म्हणजे गुटख्यानं घालवले, नाहीतर काहीतरी घाण रोग. त्याला पोरगी कोण देणार?

म्हणून कवळी बसली, आणि तिसऱ्या महिन्यात वालूरच्या रुद्राणीशी माझं लग्न झालं. चौथ्या दिवशी मी तिला कवळी काढून दाखवली. ती ओरडली नाही, रडली नाही. "दुखतं का?" एवढंच विचारलं. आणि मी काय केलं? तिचा हात धरून तिच्या गळ्यातल्या लिंगावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. कुणाला सांगायचं नाही. माहेरी नाही, उद्या लेकरं झाली तर लेकरांनाही नाही. आम्ही लिंगायत. आमच्या गळ्यातलं लिंग झोपताना, न्हाताना, मेल्यावरसुद्धा अंगावरून निघत नाही. दुसऱ्या कशाची शपथ घातली असती तर तिनं ती कधीतरी मोडली असती. मोडता येणार नाही अशीच जागा मी शोधली.

मग मोरीचं दार आतून लावून कवळी धुवायची. भाकरी कुस्करून खायची. हुरड्याच्या दिवसांत पोट बिघडलंय म्हणायचं. उसाचं कांडं कुणी पुढं केलं की दुसऱ्याकडं सरकवायचं. नांदेडला माल आणायला जातो म्हणून जायचं आणि कवळी बदलून यायचं. ईश्वरी लहानपणी पाहुण्यांना सांगायची, "आमच्या आप्पाला कुस्करूनच आवडतं." पाहुणे हसायचे. मी पण हसायचो. कवळीचं हसू छान असतं, सगळे दात एका रांगेत.

जिंतूरहून आलो तेव्हा वाटलं, साफ केलंय तर थांबेल कदाचित. खरं सांगायचं तर वाटलं वगैरे काही नाही. थांबणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण "ब्रश नीट करत जा" हे डॉक्टरचं वाक्य मला फार कामाचं होतं. त्यात माझं नाव नव्हतं, तिचं होतं.

मी सकाळ-संध्याकाळ मोरीच्या दारात उभा राहायला लागलो.

"झालं आप्पा."

"काय झालं? अजून घास. जोरात घास. कसं करायलीस, नुसतं फिरवायलीस."

"रक्त यायलंय."

"येऊ दे. घाण निघायली ती."

ती घासायची. थुंकीतून लाल पाणी जायचं मोरीच्या भोकात. रुद्राणी चुलीपाशी पाठमोरी बसलेली असायची आणि तिच्या हातातलं लाटणं थांबायचं.

मग मी गुटख्यावर आलो. पोरगी जिंतूरला अकरावीला जायची, एसटीनं. पोरापोरींच्या हातात काय काय असतं हे मी दुकानात बसून ऐकलेलं. एक दिवस ती घरात शिरताच विचारलं, "दप्तरात काय हाय?"

"पुस्तकं."

"काढ."

"पुस्तकंच हायत ना आप्पा."

"काढ म्हणलं ना!"

सगळं दप्तर ओट्यावर ओतलं. पुस्तकं, डबा, पासाचं पाकीट आणि चिंचेच्या चार गोळ्या निघाल्या. मी त्या गोळ्या अंगणात फेकल्या, जसं काही सापडलंच.

"मी तसलं खात न्हाई आप्पा. घ्या, तुमी वास घ्या." आणि तिनं माझ्या तोंडासमोर तोंड उघडलं.

मी मान फिरवली. त्या वासाची मला ओळख होती. ती समजली, आप्पाला किळस आली. त्या दिवसापासून ती तोंडासमोर ओढणी धरून बोलायला लागली. घरात सुद्धा.

पेल्याचं पण सांगून टाकतो. बोरीत माझं भांड्यांचं दुकान आहे. भांड्यावर नाव टाकायचं मशीन माझ्या हातात इतकं बसलंय की डोळे मिटून टाकीन. आजूबाजूच्या गावांतल्या रुखवतांमधली निम्मी नावं माझ्या हातची आहेत. आमच्या घरात दर सोमवारी आई लिंगपूजा करते आणि मग तीर्थाची वाटी सगळ्यांच्या हातात फिरते. त्याच वाटीला आई, मी, रुद्राणी, ईश्वरी, एकामागं एक तोंड लावतो. आमच्या धर्मात उष्ट्याचा विटाळ नाही. जन्माचा नाही, मरणाचा नाही, पाळीचा नाही, जातीचा नाही आणि थुंकीचा पण नाही. हे आम्ही दुसऱ्यांना मोठ्या तोंडानं सांगतो. मी तर दुकानात बसून लय वेळा सांगितलंय.

एका सोमवारी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिचं तोंड लागायलंय वाटीला. लोक काय म्हणतील? तिचं वेगळं कर."

मी म्हणायला पाहिजे होतं, आई, माझं पण लागतंय वीस वर्षं, तुझं चाळीस. मी दुकानात गेलो, एक नवा स्टीलचा पेला घेतला आणि त्यावर मशीननं "ईश्वरी" असं नाव टाकलं. वेलबुट्टी पण काढली दोन बाजूंनी.

तिला दिला तर ती खूश झाली. "माझ्यासाठी? कशाबद्दल आप्पा?" मी म्हणालो, असंच. तिनं तो दोन दिवस मैत्रिणींना दाखवला. तिसऱ्या दिवशी गल्लीतलं एक लेकरू पाणी प्यायला आलं आणि त्या पेल्याला हात घातला. आई ओरडली, "ठेव तो! तिच्या पेल्याला हात लावू नको, दात पडतील!"

ईश्वरी दारातच उभी होती. पेला उचलला, विसळला, पालथा घातला. पुढच्या सोमवारी तीर्थाला आली नाही, आणि तिला कुणी हाक मारली नाही. मी पण नाही.

त्याच रात्री आई रुद्राणीला ऐकू जाईल अशी बोलली, "आमच्यात हे असलं न्हवतं. माहेरून आणलं." तोंडात एकही दात नसलेली बाई हे बोलत होती. रुद्राणीनं माझ्याकडं बघितलं. मी मोबाइलमध्ये बघितलं.

दिवाळीनंतर ईश्वरीचे खालचे दोन दात बोटानं मागं-पुढं व्हायला लागले. रुद्राणी म्हणाली, "परभणीला न्यायचं. तुमी येत नसाल तर मी एकटी नेते." तिनं माझ्यासमोर एवढं वाक्य सलग बोलायची ती पहिलीच वेळ असेल. मी गेलो. एकटी गेली तर काय बोलेल ही भीती होती. काळजी होती असं म्हटलं तर ते अजून एक खोटं होईल.

परभणीच्या शुभदा डॉक्टर वयानं लहान, बोलायला झटपट. त्यांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि बोट ठेवून दाखवलं. दातांच्या मुळांच्या बाजूला जिथं पांढरं हाड पाहिजे तिथं काळं होतं. पहिल्या दाढांपाशी तर उभी विहीर खणल्यासारखं.

"ब्रश किती वेळा करतेस?"

ईश्वरीनं माझ्याकडं बघून सांगितलं, "चार वेळा."

"चार? कुणी सांगितलं?" त्यांनी तिचा ओठ उलटा केला. "हिच्या तोंडात घाण नाहीच आहे. उलट घासून घासून हिरड्या सोलल्यात. कशानं घासतेस गं, तारेच्या घासणीनं?"

ईश्वरी हसली. लय दिवसांनी. लगेच हात तोंडावर गेला.

"मग कशानं झालं?" रुद्राणीनं विचारलं. "एकाचं दुसऱ्याला लागतं का?"

"एका पेल्यात प्यायल्यानं हाड विरघळत नसतं. जंतू तर सगळ्यांच्याच तोंडात असतात, माझ्या पण. शरीर त्यांना आवरतं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या पहारेकरी समजा. काही घरांत हे पहारेकरी जन्मापासूनच जरा वेगळे असतात. वेळेवर जंतू धरत नाहीत आणि मग असा गोंधळ घालतात की जंतू राहतात बाजूला आणि आपलंच हाड जातं. दात हाडात उभा असतो. हाड गेलं की तो कशात उभा राहणार? असं का होतं ते अजून सगळं कुणालाच कळलेलं नाही. पण इतक्या कमी वयात, इतक्या स्वच्छ तोंडात असं दिसलं की आम्ही पहिल्यांदा घर विचारतो." त्यांनी पेन उघडलं. "आई-वडील, आजी-आजोबा, कुणाचे दात लवकर गेले?"

मला दुसरी संधी मिळाली होती. सगळ्यांना मिळत नाही.

"आमच्याकडं कुणालाच नाही," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी पुढं बोललो. "हिच्या माहेराकडं असंल तर माहीत न्हाई."

रुद्राणीचा हात पदराखाली गळ्याशी गेला. मला वाटलं, आता बोलते. तिनं लिंग मुठीत धरलं आणि खाली बघितलं.

डॉक्टर म्हणाल्या, "घरात नसेल तर मग मला आधी रक्ताचे दुसरे आजार नाहीत ना ते बघावं लागेल. पेशी कमी असणं, शुगर, अजून काही. रिपोर्ट आल्याशिवाय मी मोठं काम सुरू करणार नाही. आणि पुढच्या वेळी आईकडचं कुणी आलं तर घेऊन या, तोंड बघू."

रक्त काढलं, काही नमुने संभाजीनगरला गेले. पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत माझी पोरगी मोबाइलवर रक्ताचे आजार वाचत बसली. एकदा जेवता जेवता तिच्या आईला म्हणाली, "रक्ताचा कॅन्सर असला तर पण हिरड्या सुजतात." रुद्राणी उठून परसात गेली. मी जेवत राहिलो. कुस्करलेलं होतं, गिळता आलं.

एका वाक्यानं हे सगळं थांबलं असतं. मला ते वाक्य पाठ होतं. वीस वर्षं मी तेच एक वाक्य न बोलता जगत होतो.

पंधरा दिवसांनी परत परभणी. रुद्राणीचा थोरला भाऊ शंभुराज वालूरहून आला होता. सोयाबीनचं मळणीयंत्र दारात उभं असताना माणसांना सोडून आलेला. बहिणीच्या घरातून फोन गेला होता, तुमच्याकडून काहीतरी आलंय म्हणून, आणि हा गडी एका शब्दानं न रागावता आला. येताना भाचीला चिक्की आणली, मग खायला जमणार नाही हे लक्षात आलं आणि स्वतःच्याच खिशात घातली. खुर्चीवर बसला, आ केला.

"मामा, उघडंच ठेवा, बोलू नका," डॉक्टर म्हणाल्या.

तरी बोललाच. "बघा, बघून घ्या. बावन्न वर्षं झाली. अजून ऊस दातानं सोलतो. आमच्या बापानं जाताना बत्तीसच्या बत्तीस नेले."

"खरंच छान आहेत." डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. "आईकडचं तर नाही दिसत. रक्ताचे रिपोर्ट पण चांगले आलेत." मग माझ्याकडं वळल्या. "आता तुम्ही बसा. दोन मिनिटं लागतील."

"मला? मला काय झालंय?"

"काही झालंय असं नाही. बघू."

शंभुराजनं खुर्ची झटकली. "बसा की दाजी. दुखत न्हाई. का भ्यायलाव?"

"दुकानात गिऱ्हाईक बसलंय. फोन करून येतो," म्हणालो आणि बाहेर निघालो. दुकानाला कुलूप होतं. हे रुद्राणीला माहीत होतं, ईश्वरीला पण.

दवाखान्याच्या पुढच्या खोलीत बाकडं होतं. मधलं दार अर्धवट उघडं. मी मोबाइल कानाला लावून उभा राहिलो, नुसताच. एसटी स्टँडवर जावं, गाडीत बसावं आणि घरी जाऊन सांगावं, अर्जंट निघालं. असं मनात जुळवत होतो. आत ईश्वरीचा आवाज आला.

"आई."

"काय गं?"

"रक्त पण चांगलं निघालं. मामाचे दात पण चांगले."

"हं."

"म्हणजे मीच काहीतरी केलं ना?"

रुद्राणीच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. बोलणार कशी?

"मी तसलं खरंच खाल्लं न्हाई आई. पण लहानपणी मी लय बोरं खायचे, न धुता. आणि पाचवीत असताना दोन-तीन दिवस ब्रश न करताच केला म्हणून सांगितलं होतं. त्यानं झालं असंल का?"

सोळा वर्षांची पोरगी स्वतःचं सगळं आयुष्य उलटं करून त्यात गुन्हा शोधत होती. सापडत नव्हता, म्हणून पाचवीतला काढून आणला होता.

मी आत गेलो. धीर आला, पश्चात्ताप झाला, असं काही मला लावू नका. मला फक्त ते पुढं ऐकवेना. खुर्चीत बसलो, कवळी काढली, आधी वरची मग खालची, आणि समोरच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली. टण् टण् असा दोनदा आवाज आला.

शंभुराज म्हणाला, "आरं देवा."

डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मग दिवा ओढला. "कितव्या वर्षी?"

"चोवीस."

"सुरू कधी झालं?"

"सतरा."

"अजून कुणाला?"

"आई. तिशीत."

त्या लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या. "जिंतूरला विचारलं होतं का हे कुणी?"

"हो."

"काय सांगितलंत?"

मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी जिंतूरच्या कागदावरची तारीख बघितली. "सहा महिने. तेव्हा कळलं असतं तर आम्ही लगेच कामाला लागलो असतो. खालचे दोन वाचवता आले असते असं मला वाटतं. आता ते काढावे लागतील. दाढांचं आज सांगत नाही, झगडू." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ईश्वरी उठून माझ्याजवळ आली. ओढणी तोंडावर नव्हती. तिनं वाकून माझ्या तोंडात बघितलं, नीट, जसं डॉक्टरनं बघावं.

"आधी कुठले गेले?"

मी खालच्या हिरडीवर समोर बोट ठेवलं. तिनं आपल्या त्याच दोन दातांना बोट लावलं. मग ती आईकडं वळली.

"तुला माहीत होतं."

माझ्यावर नाही, आईवर. मी म्हणायला गेलो, तिची चूक नाही, मी शपथ घातली होती. एकेक शब्द जमला होता, एवढं लांब वाक्य जमेना; तोंडातून नुसती हवा आणि थुंकी निघाली. ईश्वरीला एक शब्द कळला नाही. खरं सांगायला मला ट्रेमधले खोटे दात उचलून परत तोंडात घालावे लागले. तेवढ्या वेळात पोरगी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मामापाशी जाऊन उभी राहिली होती.

"मी तिला लिंगाची शपथ घातली व्हती," मी म्हणालो. "लग्न झालं त्याच आठवड्यात. ती कुणाला सांगू शकत न्हवती."

शंभुराज माझ्याकडं बघतच नव्हता. "रुद्री," तो बहिणीला म्हणाला, "वीस वर्षं तू हे गिळून बसलीस? आणि मला फोन केलास, दादा तुझं तोंड दाखवायला ये म्हणून?"

"त्यांनीच करायला लावला," रुद्राणी म्हणाली. माझ्याविषयी तिनं दुसऱ्याजवळ तक्रार म्हणून काढलेला तो पहिला शब्द.

"तरी पण," ईश्वरी म्हणाली. "मला रक्ताचा कॅन्सर हाय म्हणून मी पंधरा दिवस झोपले न्हाई. तू माझ्याजवळ झोपायचीस आई. तुला माहीत होतं."

रुद्राणीनं पदर तोंडात धरला. पोरीचं म्हणणं खरं होतं आणि आईचं पण खरं होतं. खोटा त्या खोलीत मी एकटा होतो, आणि मार त्या दोघी खात होत्या.

घरी गेल्यावर आईला सांगितलं. ती जपमाळ बाजूला न ठेवता म्हणाली, "आता सांगून काय मिळवलंस? पोरीचं लग्न व्हायचंय अजून. वालूरभर व्हईल."

"होऊ दे."

"तुझं झालं म्हणून म्हणायलास. माझ्यामुळं झालं."

"हो. तुझ्यामुळं झालं," मी म्हणालो. तिला ते कौतुक वाटलं. मी अजून बोलायला पाहिजे होतं. सुनेच्या माहेराला जे बोललीस ते तिच्यासमोर परत घे, असं म्हणायला पाहिजे होतं. ते मी चार दिवसांनी म्हणालो. आईनं काही परत घेतलं नाही. सोमवारी मात्र ईश्वरीला स्वतः हाक मारली, वाटी पुढं केली. ईश्वरी म्हणाली, "नको आज्जी, माझा अभ्यास हाय."

औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी हिरडी उघडून दाढांची मुळं साफ केली, एकेका बाजूची. दर वेळी मी घेऊन जायचो, कारण रुद्राणीबरोबर जायला ईश्वरी तयार नव्हती. माझ्याबरोबर तयार होती असं नाही. माझ्याबरोबर तिला काही वाटतच नव्हतं, म्हणून चालत होतं. शेवटी मागच्या बुधवारी खालचे दोन दात काढले. फार ओढावंही लागलं नाही. कापसाची घडी दाताखाली धरून तोंड मिटून बसायचं, तासभर बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

एसटीत खिडकीपाशी ती बसली, शेजारी मी. झरी गाव मागं गेल्यावर मी बोलायला लागलो. कुठून सुरू केलं ते आठवत नाही. नांदेडचं सांगितलं, दात उपटले त्या दिवशीचं, येताना आईनं मला तोंडावर रुमाल धरायला लावला होता ते. पोरं मला कॉलेजात काय म्हणायची ते. तिच्या जन्माच्या वेळी मी पहिल्यांदा तिचे ओठ उघडून हिरड्या बघितल्या होत्या, ते पण सांगितलं. तुझ्या आईला माफ कर म्हणालो. मला नको करू म्हणालो. मग म्हणालो, मला पण कर, जमलं तर. पुढच्या सीटवरची बाई मागं वळून बघायला लागली तरी मी थांबलो नाही. इतकं मी तिच्याशी सोळा वर्षांत बोललो नव्हतो. बोलताना मोकळं वाटायला लागलं होतं, चांगलं वाटायला लागलं होतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. गाल सुजलेला, ओठाच्या कोपऱ्यात थोडं रक्त, डोळ्यांत पाणी. काहीतरी म्हणायचं होतं तिला. तोंड उघडता येत नव्हतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती उत्तर देऊ शकत नाही म्हणूनच मी आज बोलतोय. अजून अर्धा तास तिला कापूस धरायचा होता, आणि मी बरोबर तेवढ्यात सगळं उरकून घेणार होतो.

मी बोलणं बंद केलं. घड्याळ काढून तिच्या समोर धरलं आणि म्हणालो, "अर्धा तास हाय. कापूस काढलास की तू बोल. मी ऐकतो, घरी जाईपर्यंत, आणि घरी गेल्यावर तुझ्या आईसमोर."

तिनं मान हलवली नाही. घड्याळाकडं मात्र बघत राहिली.